समरकंद सोडून मर्गिलान

उझबेकिस्तानला जाऊन आलो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: समरकंद कसं वाटलं? आम्ही समरकंदला गेलोच नाही. बुखारा नाही, खिवाही नाही. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याची आता सवय झाली आहे.

कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीत नवऱ्याला मोजकेच दिवस मोकळे होते. त्यात तीन शहरं कोंबायची म्हणजे रोज बॅग भरायची, रोज स्टेशन गाठायचं आणि फोटो काढून झाले की दमून झोपायचं. असल्या सहली आम्ही केलेल्या आहेत. या वेळी एकच गाव, आणि तेही जिथे ‘बघण्यासारखं’ फारसं काही नाही असं, यावर आमचं एकमत झालं. गाव मी निवडलं. फरगाना खोऱ्यातलं मर्गिलान.

निवडायला कारण होतं. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. हिमरू विणणारे माग आमच्या डोळ्यांदेखत कमी कमी होत गेले. सूत आणि रेशीम एकत्र विणण्याचं हे वेड कुठून कुठून फिरत आलं, याचं मला जुनं कुतूहल आहे. शिवाय आमच्या पाणचक्कीच्या आवारात ज्यांची कबर आहे, ते बाबा शाह मुसाफिर मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. औरंगजेबाच्या काळात त्या बाजूची माणसं दख्खनपर्यंत येऊन स्थायिक होत होती. मर्गिलानमध्ये ‘अद्रस’ नावाचं कापड अजून हातमागावर विणतात, ताणा म्हणजे उभे धागे रेशमाचे आणि बाणा म्हणजे आडवे धागे सुताचे, एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

व्हिसाचं काम अगदीच सोपं. ऑनलाइन अर्ज, पासपोर्टचं पान आणि फोटो चढवायचा, २० डॉलर भरायचे, तीन कामकाजाच्या दिवसांत ई-मेलवर कागद येतो. एका प्रवेशाचा, ३० दिवसांचा. तिकडे मुक्कामाची नोंदणी मात्र प्रत्येक ठिकाणी होते. ती गेस्ट हाउसवालेच करतात, आपण फक्त पासपोर्ट द्यायचा आणि मिळालेला कागद जपून ठेवायचा. दिल्लीहून ताश्कंद तीनेक तासांचं विमान. घड्याळ अर्धा तास मागे करायचं, बस्स. जेट लॅग वगैरे थाटाच्या तक्रारींना जागाच नाही.

ताश्कंदहून सकाळची रेल्वे धरली. स्टेशनच्या आवारात शिरतानाच तिकीट आणि पासपोर्ट दाखवावे लागतात, सामान यंत्रातून जातं. हा रेल्वेमार्ग तसा नवा, २०१६ चा. त्याआधी ताश्कंदहून फरगानाला जाणारी गाडी शेजारच्या ताजिकिस्तानातून जायची. आपल्याच देशात जायला परक्या देशाची हद्द ओलांडायची. नाहीतर कामचिकच्या घाटातून टॅक्सीने. आता डोंगराखालून सुमारे १९ किलोमीटरचा बोगदा आहे. गाडी आत शिरली आणि पंधरा-एक मिनिटं खिडकीत फक्त आमचेच चेहरे. समोरच्या आजीबाईंनी तेवढ्यात पिशवीतून भाकरीएवढी जाड गोल रोटी काढली, तोडली आणि आम्हाला न विचारता दोन तुकडे हातात दिले. या रोटीला तिकडे ‘नॉन’ म्हणतात. ती सुरीने कापत नाहीत आणि उलटी ठेवत नाहीत. मी तुकडा उपडा ठेवला तर आजींनी निमूटपणे तो सुलटा केला.

मर्गिलान पहिल्या नजरेत भरत नाही, हे सांगून टाकते. रुंद, सपाट रस्ते, सोव्हिएत काळातल्या चौकोनी इमारती, जिकडे पाहावं तिकडे पांढऱ्या शेव्हरोले गाड्या. या गाड्या याच खोऱ्यात, असाकाच्या कारखान्यात बनतात. पंधरा किलोमीटरच्या आत फरगाना शहर आहे. ते रशियनांनी १८७६ मध्ये ‘नवं मर्गिलान’ म्हणून वसवलं, पुढे एका रशियन सेनापतीचं नाव दिलं आणि १९२४ मध्ये फरगाना केलं. कचेऱ्या, बागा, हॉटेलं सगळं तिकडे गेलं. जुन्या मर्गिलानच्या वाट्याला गल्ल्या राहिल्या. त्या गल्ल्यांत शिरलं की गावाचा सूर कळतो. रस्त्याकडे पाठ केलेली बैठी घरं, मातीच्या भिंती, मोठं लाकडी दार. दार उघडलं की आत अंगण, वर द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली पाय मुडपून बसायचा लाकडी चौथरा. आमचं गेस्ट हाउस असंच होतं. मालकीणबाईंना सगळे ‘ओपा’, म्हणजे ताई म्हणायचे, म्हणून आम्हीही. त्या मला ओपा म्हणायच्या. दोघी एकमेकींना ताई म्हणत होतो आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

बाबराने आपल्या आठवणींत मर्गिलानबद्दल लिहून ठेवलं आहे. तो शेजारच्या अंदिजानचा, जन्म १४८३ चा. इथल्या डाळिंबांचं आणि जर्दाळूंचं तो कौतुक करतो. जर्दाळूची बी काढून आत बदाम भरायचे, हे त्याने आवर्जून नोंदवलं आहे. माणसांबद्दल मात्र म्हणतो की ही मंडळी मारामारी करणारी, आरडाओरडा करणारी. नवऱ्याने हे वाचून पूर्ण तयारी ठेवली होती. आम्हाला दिसलं ते संध्याकाळी सातला सामसूम होणारं गाव, छातीवर हात ठेवून नमस्कार करणारी माणसं, आणि पाव आणायला जातानाही रंगांचा भडका उडालेले रेशमी झगे घातलेल्या बायका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपांनी आम्हाला एका उस्तादांकडे नेलं. मी आधीच कळवलं होतं की नुसतं बघायचं नाही, हात लावायचा आहे. मर्गिलानमध्ये योद्गोरलिक नावाचा कारखाना आहे, पर्यटक तिथे जातात, तासाभरात सगळे टप्पे पाहतात, दुकानातून बाहेर पडतात. तेही चांगलं आहे, वेळ नसेल तर तेच करा. सैद अहमद खोजा मदरशाच्या आवारात कारागिरीचं केंद्रही आहे. अतलस (पूर्ण रेशमी, सॅटिनसारखं कापड) आणि अद्रस बनवण्याचं जुनं तंत्र तिथे पुन्हा शिकवायला घेतलं, त्या कामाची युनेस्कोने २०१७ मध्ये दखल घेतली. आम्ही तिथेही चक्कर मारली. पण बसलो ते उस्तादांच्या अंगणात.

आधी कोष. कढईत गरम पाणी, त्यात पांढरे कोष तरंगताहेत. एक बाई काडीने ढवळते आणि दर वेळी काडीला धाग्यांची टोकं लागून येतात. एका कोषाचा अखंड धागा किलोमीटरच्या आसपास भरतो, पण तो इतका बारीक की वीस-पंचवीस कोषांचे धागे एकत्र करून चाकावर घेतात. वास उग्र असतो. ते कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. कोषातला चिकटपणा काढायला धागा पुन्हा साबण-सोड्याच्या पाण्यात उकळतात, आणि मग कुठे रेशमाला रेशमाची झळाळी येते.

खरं काम त्यानंतरचं. आपण कापड विणतो आणि मग रंगवतो, किंवा रंगीत धाग्याने नक्षी विणतो. इथे कापड अस्तित्वात यायच्या आधीच नक्षी ताण्याच्या धाग्यांवर रंगवली जाते. पोचमपल्ली पाहिलेल्यांना हे समजेल, पाटणच्या पटोळ्यात तर ताणा आणि बाणा दोन्ही असे रंगवतात. मर्गिलानात फक्त ताणा. धाग्यांच्या लडी दोनेक मीटर लांब लाकडी चौकटीवर घड्या घालून ताणतात. उस्तादांनी कोळशाच्या काडीने त्या ताणलेल्या रेशमावर रेघा मारल्या. ना कागद, ना मोजपट्टी. अर्धीच आकृती काढली. लडी घडीवर असल्यामुळे उरलेली अर्धी आपोआप आरशातल्यासारखी उमटते.

मग बांधणं. जो भाग या रंगात बुडवायचा नाही, तो सुती दोऱ्याने करकचून गुंडाळायचा. आम्हा दोघांना चौकटीच्या दोन बाजूंना बसवलं आणि नक्षीतलं एकेक डाळिंब वाटून दिलं. मला वाटत होतं की हे माझं क्षेत्र आहे. नवरा दिवसभर कागद वाचणारा माणूस, अर्ध्या तासात उठून चहा शोधेल. तो उठला नाही. जजसमोर तारखेची वाट बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला एका गाठीला पाच मिनिटं लागणं हे काही विशेष वाटलं नसावं. माझ्या गाठी मात्र सैल निघायच्या, उस्ताद ‘ओपा, ओपा’ म्हणत हसायचे आणि सोडून पुन्हा बांधायला लावायचे. त्यांचा मुलगा मधूनच दोऱ्याऐवजी चिकटपट्टी वापरत होता. मी परंपरेच्या अभिमानाने भुवया उंचावल्या, तर तो म्हणाला की चिकटपट्टीने रंग कमी झिरपतो आणि वेळ निम्मा लागतो. विणकर स्वतः सोय बघतो तेव्हा आपण पाहुण्यांनी नाक मुरडायचं कारण नाही.

बांधून झालेला ताणा प्लास्टर घातलेल्या पायासारखा दिसत होता. तो रंगाच्या भट्टीवर गेला. फिकट रंग आधी, गडद नंतर. पिवळ्यासाठी कांद्याची टरफलं आणि डाळिंबाची साल, तांबड्यासाठी मंजिष्ठा, तपकिरीसाठी अक्रोडाची साल, सोबत तुरटी. एक रंग झाला की धुणं, वाळवणं, काही गाठी सोडणं, नव्या मारणं, पुन्हा बुडवणं. निळा शेवटी, आणि तो गरम नव्हे, थंड. पूर्वी मध्य आशियातल्या शहरांत नीळ हा वेगळ्या लोकांचा धंदा असे. बहुतेक रंगारी ज्यू होते, आणि नीळ बरीचशी हिंदुस्तानातून जायची. आज रोजच्या मालाला रासायनिक रंगच वापरतात, हेही उस्तादांनी लपवलं नाही. नैसर्गिक रंगांचं कापड मागणी असेल तेव्हा, आणि त्याची किंमत वेगळी.

रंग वाळेपर्यंत थांबणं भाग होतं. एरवी प्रवासात असा रिकामा वेळ मिळाला की आम्ही मोबाइल काढतो आणि पुढे काय बघायचं ते शोधतो. इथे शोधायला काही नव्हतं. हिरवा चहा यायचा. किटलीतून चहा पियाल्यात ओतून तीनदा परत किटलीत टाकायचा, मग प्यायला द्यायचा. पियाला अर्धाच भरायचा, म्हणजे पाहुण्याला पुनःपुन्हा वाढता येतो. काठोकाठ भरून दिला तर पाहुण्याने ओळखावं की आता निघायची वेळ झाली. आमचा पियाला कधी भरला नाही.

उस्तादांच्या नात्यातल्या एका घरी किडे पाळले होते, तेही पाहिलं. वसंतात घरोघर हे चालतं. अंड्यांची पेटी मिळते आणि महिनाभर घरातली एक मोठी खोली किड्यांना देऊन टाकायची, माणसांनी दाटीवाटीने राहायचं. रस्त्याकडेला, कालव्याच्या काठाने तुतीची झाडं डोक्यावरून छाटलेली दिसतात, ती यासाठी. चार वेळा कात टाकून किडा बोटाएवढा होतो आणि शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस खातो. घरधनीण रात्री दोनदा उठून फांद्या घालते. आपल्याकडे बीड-जालन्याकडे तुती लावून कोष विकणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. मी तिला मोबाइलवर त्यांचे शेडचे फोटो दाखवले. तिने बघितलं आणि विचारलं, भाव काय मिळतो? रेशमी कोषांत चीन पहिला, भारत दुसरा, उझबेकिस्तान तिसरा. पण दोन्ही देशांतल्या कोष पिकवणाऱ्यांचा प्रश्न एकच आहे. भाव.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण मी मांस खात नाही. फरगाना खोऱ्याच्या पुलावाचा देशभर लौकिक आहे. तांबूस ‘देवझिरा’ तांदूळ, गाजरं लांब कापलेली, आणि मटण. मी मांस खात नाही असं ओपांना सांगितल्यावर त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि रात्री माझ्या ताटातले मटणाचे तुकडे उचलून नवऱ्याच्या ताटात ठेवले. बाकी पुलाव तोच. नवऱ्याला हा देश फार आवडला. माझं पोट भरलं ते नॉन, दही, टोमॅटो-कांद्याची पातळ कापांची कोशिंबीर, तंदुरात भाजलेले लाल भोपळ्याचे सामसे आणि फळं यांवर. मे महिन्यात चेरी आणि तुती असतात. तुती तर अंगणात पडून सडत असते, कुणी विकतही नाही. तरी शाकाहारी मंडळींनी थेपले, मेतकूट आणि तूप बरोबर ठेवावं. तांदूळ सगळीकडे मिळतो, साधा भात मात्र मागूनही मिळत नाही.

पैशांचं थोडक्यात: एका रुपयाला शंभराहून जास्त सोम, त्यामुळे दोन दिवस आपण लक्षाधीश असतो. रुपये तिकडे कुणी बदलून देत नाही; डॉलर न्यायचे, कोऱ्या नोटा, घडी न पडलेल्या.

रविवारी कुमतेपा बाजार भरतो, गुरुवारीही. गावाबाहेर, प्रचंड. तीन चतुर्थांश माल चिनी जोडे, बादल्या आणि गालिचे. कापडाच्या ओळीत पोचलो आणि तोवर अंगणात घालवलेले दिवस कामी आले. अतलससारखं दिसणारं बहुतेक कापड छापील निघतं, पॉलिएस्टर. ओळखायला सोपं आहे, एकदा चौकटीवर बसलेलं असलं की. खऱ्या कापडात नक्षीच्या कडा पुसट असतात, पण त्या फक्त उभ्या धाग्याच्या दिशेने पसरतात. रंगवलेले धागे मागावर चढवताना थोडे वरखाली सरकतात म्हणून. आडव्या दिशेने कड स्वच्छ असते. छापणारा पुसटपणाचीही नक्कल करतो, पण चारही बाजूंनी. अद्रस उलटून पाहावं, दोन्ही बाजूंना नक्षी जवळपास सारखी दिसते. अतलस एका बाजूने झळकतं. एक विक्रेती मला छापील कापड हातचं म्हणून देत होती. मी बोटाने कड दाखवली. तिने हसून ते खाली ठेवलं आणि मागच्या गठ्ठ्यातलं दुसरं काढलं.

हे कापड कसं जन्मलं याची, राजाची आणि विणकराच्या सुंदर मुलीची गोष्ट तुम्हाला तिथे प्रत्येक दुकानात ऐकायला मिळेल, पाण्यात ढगांचं प्रतिबिंब वगैरे. दोनदा गोड लागते.

एक दुपार रिश्तानसाठी काढली. मर्गिलानच्या पश्चिमेला, टॅक्सीने तासाभराच्या आत. लाल माती आणि त्यावर निळा-हिरवट झिलईचा थर. ती झिलई रानातल्या झुडपांच्या राखेपासून करतात आणि तिला ‘इश्कोर’ म्हणतात. भांडी देखणी आहेत, दुकानं मात्र एकसारखी. नवरा भांड्यांसाठी आला नव्हताच. बाराव्या शतकातले कायदेपंडित बुर्हानुद्दीन मर्गिनानी या रिश्तानचे. त्यांचा हनफी (सुन्नी मुस्लिमांच्या एका पंथाच्या) कायद्यावरचा ग्रंथ वॉरन हेस्टिंग्जच्या पुढाकाराने इंग्रजीत आला, १७९१ मध्ये, आणि कंपनीच्या न्यायालयांपासून पुढे हिंदुस्तानातले खटले त्याचे दाखले देत चालले. मुस्लिम कायद्यातले हक्कशुफा (खरेदीचा पहिला हक्क) आणि हिबा (दान) शिकताना हे नाव त्याने परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. कुंभाराच्या ओट्यावर बसून तो तासभर टॅक्सीवाल्याला, मोबाइलमधल्या भाषांतराच्या साहाय्याने, शेजाऱ्याचा खरेदीचा पहिला हक्क समजावून सांगत होता. टॅक्सीवाल्याचा खरोखरच शेजाऱ्याशी जागेचा वाद चालू होता. फी घेतली नाही, पण परतीचं भाडंही त्याने घेतलं नाही.

आमची डाळिंबं मागावर चढलेली बघायला मिळाली. पूर्ण विणून व्हायला आठवडे लागतात, तेवढं थांबणं शक्य नव्हतं. उस्तादांच्या सुनेने आम्हाला हातभर विणून दाखवलं. नवऱ्याने बांधलेलं डाळिंब रेखीव आलं होतं. माझ्याचा देठ पिवळ्यात वाहून गेला होता आणि उस्तादांच्या मते तेच जास्त जिवंत दिसत होतं. हे खरं की पाहुणचार, ते मी विचारलं नाही. अद्रस विणून झाल्यावर त्याला अंड्याच्या पांढऱ्याचा हात देऊन लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, तेव्हा त्यावर चकाकी येते. शेजारच्या गल्लीतून तो ठकठक आवाज यायचा, आम्हाला दोन दिवस वाटत होतं कुणीतरी घर बांधतंय.

नेण्यासाठी आधीच विणलेलं अद्रस घेतलं, डाळिंबाचंच. संभाजीनगरला शिंप्याकडे टाकलं, तर त्याने टेबलावर पसरून पन्हा मोजला आणि माझ्याकडे बघितलं. हातमागाचं कापड, जेमतेम दीड फुटी पन्हा. त्यात कुर्ता बसत नाही. तिकडचे झगे याच पन्ह्याच्या हिशेबाने बेतलेले असतात, पट्टीला पट्टी जोडून, बगलेत कळी घालून. मी तसा एक झगा उलटून शिवण पाहिली होती, तिचे फोटो त्याला दाखवले. तो बराच वेळ बघत बसला. म्हणाला, “मॅडम, कुर्त्याचं सोडा. साहेबांचं जाकीट निघेल. पण डाळिंब पाठीवर घ्यायचं का पुढे, ते आधी ठरवून या.”